दुसरी सही

"सही कर गं," मोठ्या सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "तीन नंबरच्या बाळाचं हृदयाचं औषध. अर्धा मिली."

त्यांची सलग दुसरी ड्यूटी होती. पायांचे नुसते तुकडे पडले होते. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात हे औषध दोघींनी वेगवेगळं मोजून, दोन सह्यांनीच द्यायचा नियम. प्रत्यक्षात एक मोजायची, दुसरी सही ठोकायची. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

नवी सिस्टर पेन हातात घेऊन तशीच उभी. "तुम्ही मला आकडा आधी सांगायला नको होता, सिस्टर. मी माझा काढते."

"काढ बाई, काढ. तोवर आम्ही उभ्या राहतो झाडासारख्या."

आठवडा नाही झाला येऊन, आणि हिला शिंगं फुटली! मोठ्या सिस्टर मनातल्या मनात धुमसत राहिल्या. नव्या सिस्टरनं बाळाचं वजन पाहिलं, बाटली उजेडात धरली, कागदावर आकडेमोड केली. मग पुन्हा केली. तिचे कान लाल झाले.

"माझं पाव मिली येतंय."

"चुकलीस. महिनाभर रोज अर्धाच देतेय मी."

"पण ही बाटली आज आलीये. दुप्पट कडक आहे."

मोठ्या सिस्टरनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. तेच झाकण, तसंच लेबल. आकडा मात्र वेगळा. मुठीएवढं लेकरू, आधीच धापा टाकणारं. हे सगळं आत गेलं असतं, तर ते हृदय थांबलंसुद्धा असतं. त्यांनी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि बेसिनचा काठ धरून क्षणभर उभ्या राहिल्या.

नव्यानं मोजलेलं पाव मिली त्यांनी नळीतून सावकाश सोडलं. बाळाची आई स्टुलावरून थकलेलं हसली. "ताई, तुम्ही ड्यूटीवर असलात ना, की मी निर्धास्त डोळे मिटते."

मोठ्या सिस्टरना धड हसताही आलं नाही.

पाच नंबरच्या औषधाची वेळ झाली. त्यांनी आकडेमोड संपवली, तोच नवी सिस्टर शेजारी येऊन उभी राहिली. मघापासून त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवत नव्हता.

"किती आलं, सिस्टर?" ती हळूच म्हणाली. "सांगा, करते मी सही."

मोठ्या सिस्टरनी उत्तरावर तळहात ठेवला.

"तू काढ."