तीन सेंटिमीटर

"तुमची ही पट्टी चुकीची आहे," शिंपीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून स्वतःचा टेप काढला.

हाडांची घनता मोजायच्या आधी मशीनवरच्या मुलीनं त्यांची उंची घेतली होती. एकशे त्रेपन्न. सहा वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये एकशे छप्पन्न होती. तीस वर्षं जगाची मापं घेतलेल्या बाईला हे ऐकवत नव्हतं.

त्या फाइलच्या वर्षी त्यांच्या जठराची बायपास झाली. वजन एकशे दहावरून सत्तरवर आलं. सर्जननं तेव्हाच बजावलं होतं, की आता अन्न आतड्याचा एक भाग टाळून जाणार, कॅल्शियम कमी शोषलं जाणार, आणि रक्ताला कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेणार. म्हणून कॅल्शियम सायट्रेट दिवसातून तीनदा, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, जोडीला ड जीवनसत्त्व. तेही जन्मभर.

बाईंनी वर्षभर पाळलं. मग स्वतःचं शास्त्र काढलं. चाळीस किलोंचं ओझं उतरलेल्या हाडांना आता आरामच आराम. बसून खाणाऱ्यांना वर खुराक कशाला? रक्तातलं कॅल्शियम दर वेळी बरोबर यायचं, हा त्यांचा भक्कम पुरावा. ते कुठून येतं, हे विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी खुर्ची बदलली. शेवटी नणंदेनं डोकं खाऊन त्यांना इथवर आणलं. अट मात्र बाईंचीच होती. रिपोर्ट चांगला आला तर घरात गोळ्यांचं नाव काढायचं नाही. वाईट आला तर त्या मुकाट्यानं घेतील. जिंकायची इतकी खात्री होती, की सकाळी डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारल्यावर "अगदी घड्याळ लावून" असं त्यांनी बेधडक सांगून टाकलं होतं.

आता त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. हनुवटी सरळ, श्वास रोखलेला. मुलीनं त्यांचाच टेप धरला.

"वहिनी, टाचा खाली," नणंद म्हणाली.

टाचा खाली आल्या. एकशे त्रेपन्न. आता टेपवाल्याशी भांडायला जायचं का, असं नणंदेनं विचारून घेतलं.

मुलीनं आवाज खाली आणून समजावलं, की हाडं विरळ झाली तर पाठीचे मणके न पडता, न आपटता दबू शकतात. माणूस पुढे झुकतो, थोडा खुजा होतो आणि त्याला पत्ताही नसतो. नक्की काय ते फोटोत कळेल. मग तिनं फॉर्म पुढे ओढला.

"गेल्या काही वर्षांत अंगावरचे कपडे लांब व्हायला लागलेत, असं कधी वाटलं का?"

बाईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. नणंद बघत होती. गोळ्यांबद्दल त्या सहज खोटं बोलल्या होत्या. कापडाबद्दल खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दोन वर्षांत माझा एकेक गाऊन मी दोनदा पुढून आखूड केलाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बारीक झाले म्हणून कापड उरतंय."