निसटलेला आंबा

"गोऱ्या सोल्जरांच्या किका अंगावर घेतल्या, नि आता आंबे झेलायचे!" कलमाखाली उभा महिपत पुटपुटला.

उमेदीची सगळी वर्षं त्याने मुंबईत गिरणीच्या फुटबॉल संघाचा गोल राखला होता. घरी यायचा तो फक्त शिमग्याला. यंदा मात्र वैशाखात ट्रंकेसकट बोटीतून उतरला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "मीच सोडलं." पुढे कुणी विचारलंही नाही. बायकोने, मथुराने, मुकाट्याने भात वाढला.

हापूस आपटला की पेटीत जात नाही, म्हणून झाडावर चढलेल्या थोरल्या भावाच्या, रावजीदादाच्या, झेल्यातून, म्हणजे काठीच्या जाळीतून, सुटेल तो आंबा खाली झेलायचं काम महिपतकडे आलं. पहिला त्याने एका हातात घेतला. दुसऱ्यासाठी तर आडवी उडी मारली. म्हातारी आई टाळ्या पिटायला लागली. तिसरा दोन्ही हातांमधून जाऊन पायाशी फुटला.

झाडावर रावजीदादा पानं निरखू लागला. म्हातारी उगाचच कोंबड्यांवर ओरडली. महिपत आपले तळवे बघत राहिला.



मथुरा तोंडाला पदर लावून खुदकन हसली, "अहो, हात असे चुकायला लागले म्हणूनच तर गिरणीवाल्यांनी काढलं तुम्हाला. नायतर मला कुठे मिळणार होतात!"