रविवारचं मशीन

“मोटर जळलीय, काकू. वीस वर्षं चाललं ना? आता मुलाचं ऐका, नवीन घ्या,” व्हॅक्यूम क्लीनर उघडून बसलेले मुजावर मिस्त्री म्हणाले.

पुण्याच्या मुलाने आईबाबांसाठी ताटलीएवढा गोल रोबो पसंत केला होता. बटण दाबलं की तो घरभर आपोआप फिरतो, कुणी हात लावायला नको. सुलभाताईंना नेमकी त्याचीच धास्ती होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्र्यंबकरावांनी घरातलं एकच काम अंगावर घेतलं होतं, दर रविवारी हे मशीन फिरवण्याचं. तेही मशीन होतं म्हणून. केरसुणीला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं.

“मोटर बदला हो, मिस्त्री. ते आपोआप फिरायला लागलं, की आमचे हे पुन्हा टीव्हीसमोर पसरतील.”

मिस्त्री हसले. “बघतो, मिरजेत कुठं मिळते का.”

“आणि ह्यांना सांगा, असं मशीन आता बनत नाही. चालवायलासुद्धा जाणकार माणूस लागतो म्हणावं.”

मिस्त्रींनी मोटर बसवली आणि त्र्यंबकरावांना निरोपही चोख दिला. रविवारी ते बाह्या सरसावूनच उठले. मुलाला फोनवर म्हणाले, “तुझं खेळणं तुलाच ठेव. इथं जाणकार माणूस लागतो.”

मग घरघरतं मशीन ओढत सोफ्यापाशी आले आणि शब्दकोडं सोडवत बसलेल्या बायकोवर खेकसले, “अगं, पाय वर घे की!”

सुलभाताईंनी मुकाट्याने पाय वर घेतले आणि पुढचा आडवा शब्द भरला.