पांढऱ्या लोकरीची गाठ

धोंडुबाईचं वागणं रंगूबाईला बिलकुल पसंत नव्हतं. दवाखान्यातली आया ती, माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची. आणि माणसांच्या खाटांना लोकर बांधत सुटलेली. माणसं म्हणजे काय कळप वाटला हिला?

रंगूबाई कराडकडची, वीस एकर उसाची मालकीण. दोन मुलगे लढाईवर. तिच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे. पण सांगलीच्या या दवाखान्यात ती धोंडुबाईशी एक शब्द बोलली असेल तर शपथ.

अकरा नंबरच्या खाटेवर अंगावरून वारं गेलेली बाई होती. उजवी बाजू लुळी, वाचा बसलेली. रंगूबाई महिनाभर त्या खाटेपासून हलली नव्हती.

धोंडुबाई एकेका खाटेशी बसून विचारी. कुठल्या कानानं ऐकू येतं, पाणी गिळवतं का, कुठला हात धरला तर दुखतो. ज्याला बोलता येत नाही त्याला म्हणे, व्हय असंल तर डोळं मिटा. त्यानं मिटले की मगच लोकर बांधायची. काळी असली तर डाव्या कानाशी बोला. पांढरी असली तर पाणी देऊ नका, ठसका लागतो. घट्ट पेज चमच्यानं भरवा. अकरा नंबरला पांढरी होती. पहिल्याच आठवड्यात एका घोटानं ती बाई मरता मरता वाचली होती.

"मेंढरू कुठं बोलतंय?" धोंडुबाई नर्सना सांगे. "राखणारा बदलला, तरी लोकर सांगती."

सोमवारी नवे डॉक्टर आले. ही कसली घाण म्हणून त्यांनी सगळी लोकर काढायला लावली. बरं झालं, रंगूबाईच्या मनात आलं.

दुपारी नवी नर्स पाण्याचा पेला घेऊन अकरा नंबरशी आली. खाटेवरच्या बाईची मान तिनं उचलली. पेला बघून रंगूबाईला ओरडायचं होतं, पण आवाज काही फुटेना.

धोंडुबाईनं धावत येऊन नर्सचं मनगट धरलं. पाणी फरशीवर सांडलं. डॉक्टर तावातावानं आले.

"नोकरी गेली तर जाऊ दे, सायेब. हिला पाणी न्हाई."

डॉक्टरांनी स्वतः चमच्याच्या टोकानं दोन थेंब देऊन पाहिले. खोकून खोकून बाईचे डोळे पांढरे झाले. ती शांत होईपर्यंत डॉक्टर तिथंच उभे राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, बांधा परत. सगळ्यांना बांधा.

धोंडुबाईनं कनवटीची पांढरी लोकर काढली. या वेळी खाटेला नाही, सरळ रंगूबाईच्या डाव्या मनगटाला गुंडाळली.

अकरा नंबरच्या खाटेवरून महिन्यात पहिल्यांदा रंगूबाईचे शब्द आले, वाकडे पण खणखणीत.

"धोंडे, ढिली हाय. घट बांध."