लूथर बोलला

लूथर प्रुएट उभा राहिला आणि वर्गातली चुळबूळ एकदम थांबली.

टेनेसीच्या त्या तुरुंगात लूथरला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. दारातून आत यायला त्याला खांदे तिरके करावे लागत. तो नुसता बघायचा आणि समोरचा बाजूला व्हायचा. त्याने म्हणे कुणाचं तरी मनगट मोडलं होतं. लूथरने कधी खुलासा केला नाही, त्यामुळे मनगटांची संख्या वाढतच गेली.

पण पॅरोल मंडळासमोरही तो असाच गप्प बसला आणि ‘पश्चात्ताप दिसत नाही’ म्हणून परत आला. तेव्हा त्याला मिस ॲडेलिनच्या भाषणाच्या वर्गात पाठवण्यात आलं. आजचा विषय सोपा होता: मला येणारी एक गोष्ट.

“बोला, मिस्टर प्रुएट. घाई नाही,” निवृत्त शिक्षिकेच्या सवयीने मिस ॲडेलिन म्हणाल्या.

लूथरने घसा खाकरला. पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

“मांजरीला आंघोळ घालायची,” तो म्हणाला, “तर आधी तिची नखं कापून घ्यावीत.”

आवाज बारीक आणि चिरका. रबरी खेळणं दाबल्यासारखा. तो कुठून आला हेच कुणाला कळेना. कॉर्डेल नावाच्या तोंडाळ पोराने तर खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसता हसता खुर्चीवरून खाली घसरला. सगळा वर्ग हसत सुटला. दाराशी उभा असलेला पहारेकरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून गदागदा हलू लागला.

लूथर लालबुंद झाला. मिस ॲडेलिनचा हात कमरेला लावलेल्या धोक्याच्या घंटेच्या बटणाकडे गेला.

“आईची मांजर होती,” लूथर त्याच आवाजात पुढे म्हणाला. “आंघोळ तिची असते, पण भिजतो आपणच.” आणि मांजर पुसून कोरडी होईपर्यंत तो थांबला नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी पोटं धरली होती.

पुढच्या आठवड्यात तो सर्वांच्या आधी येऊन मिस ॲडेलिनच्या टेबलापुढे उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही माझं वाटोळं केलंत.”

“का? काय झालं?”

“इतकी वर्षं माझ्या टेबलाशी बसायची, ताटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. काल त्या कॉर्डेलने माझा कॉर्नब्रेड उचलला. विचारलंसुद्धा नाही!”

मिस ॲडेलिन कानकोंड्या झाल्या. “मी बोलते वॉर्डनशी. कुठे घेऊन गेला तो?”

“घेऊन कुठे जातोय?” लूथरचा आवाज आणखीनच बारीक झाला. “‘सरक ना जरा,’ म्हणाला, आणि माझ्या शेजारीच बसून खाल्ला.”