दांड्यावरची घरं

चढत्या समुद्राने घर गिळल्यापासून त्याने पक्षीरक्षक वहिनीशी अबोला धरला होता, कारण किनाऱ्यावर बांधायची संरक्षक भिंत तिनेच रोखली होती. आज ती भिंत बांधायला तो दगडांचा ट्रॅक्टर घेऊन वाळूच्या दांड्यावर आला, तेव्हा ती चाकांपुढे उभी राहिली. “बाजूला हो, वहिनी! दिरापेक्षा पाखरं जवळची झाली तुला?” “हा दांडाच लाटा अडवतो, भाऊजी. तो खणलात तर उरलेली घरंही जातील.” “तुझं गेलं की कळेल!” पहार उचलून तो सुरय पक्ष्यांच्या घरट्यांकडे निघाला. मूठभर जिवाची मादी चित्कारत झेपावली, टाळूवर चोच मारून गेली. रक्त ओघळलं. त्याने पहार उगारली, पण हात थबकला. बुडण्याआधी घर रिकामं करायला पोलीस आले, तेव्हा त्यानेही असंच वल्हं उगारून दार अडवलं होतं. पहार फेकून तो वहिनीवर गुरगुरला, “पिल्लं उडेपर्यंत मुदत देतो. मग तुलाही उडवीन.”