मेजवानीची सिंफनी

तीन दणदणीत सूर वाजले. जेवणाऱ्यांपैकी एकानंही मान वर केली नाही.

प्रोकोप कुबातला त्याचं नवल वाटलं नाही. सिंफनीच्या आरंभी असे सूर ठेवतात ते लोकांनी गप्प बसावं म्हणून. काउंट ट्राउनेगच्या वाड्यात त्यांचा अर्थ एवढाच, की आता जरा मोठ्यानं बोला. चौदा वर्षं कुबात इथला संगीतप्रमुख होता. चौदा वर्षं व्हायोलिन हनुवटीखाली धरून, गज फिरवत त्यानं हलणारे जबडे पाहिले होते. आज संत हुबर्टसचा दिवस, शिकारीचा सण. चाळीस पाहुणे भर दुपारी रानडुकरावर तुटून पडले होते. म्हाताऱ्या जनरलसाहेबांच्या मिशीला रस्सा लागला होता. बॅरोनेस व्हीझिंगर पंख्याआड ढेकर देत होती. गाढवाला गुळाची चव काय, असं कुबात मनात म्हणाला आणि वाजवत राहिला.

या वेळी मात्र त्याचा एक बेत होता. सिंफनी त्यानं उदास पट्टीत बांधली होती. व्हायोलिनं धावत सुटायची, शिकारीचे कर्णे त्यांना हाका मारायचे, आवाज चढत चढत छताला भिडायचा आणि ऐन तिथेच सगळं तोडलेलं. तालाच्या दोन आवर्तनांची निखळ शांतता. पहिल्या भागात एकदा, शेवटच्या भागात एकदा.

"ओरडून बोलत असतील तेव्हा त्यांचं त्यांनाच ऐकू दे," तालमीत तो म्हणाला होता. "मी गज उचलेपर्यंत कोणी हलायचं नाही."

सगळे खूश झाले होते. फक्त दुसऱ्या व्हायोलिनवरच्या म्हाताऱ्या माशेकनं कागद चाळून मान हलवली होती. "मास्तर, हा संथ भाग तर गेल्या ईस्टरचाच आहे. आणि शेवटचा भाग एकच गोष्ट चारदा सांगतोय."

"माशेकबाबा, डुकरांना चारताना कोणी मीठ चाखून बघतं का?"

पहिली शांतता आली.

"—आणि नवऱ्याचे खोटे दात मी स्वतःच्या हातानं पेल्यात ठेवते!" बॅरोनेसचा आवाज दिवाणखानाभर घुमला.

जनरलसाहेबांना ठसका लागला. बॅरोनेस बिटासारखी लाल झाली. कुबातनं गज अगदी सावकाश उचलला. असा घास त्याला या वाड्यात कधी मिळाला नव्हता.

थोडा वेळ टेबलाभोवती कुजबुज राहिली. संथ भाग संपेतो ती वाढली, मिन्युएटच्या नाचऱ्या तालावर पेले आदळू लागले, आणि शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा पुन्हा बाजार भरला होता. कुबात आता चवीनं वाट पाहत होता. कोण सापडणार? व्हायोलिनं चढली. कर्णे गरजले. तुटलं.

"—मार्टिनच्या सणाला सगळ्यांना हाकलतोय!" काउंट जनरलसाहेबांच्या कानाशी ओरडत होता. "शिकारीपुरते दोन कर्णेवाले ठेवतो. बाकीची बांडगुळं पोसायची कशाला?"

मार्टिनचा सण आठ दिवसांवर होता. सोळा वादकांनी ते ऐकलं. सनईसारखा ओबो फुंकणाऱ्या ओबोवाल्याच्या घरी परवाच तिसरं मूल जन्मलं होतं.

आता गज उचलायचा होता. कुबातनं उचलला नाही. दोन आवर्तनांची दहा झाली, दहाची वीस. एकेक काटा ताटलीवर थांबला. काउंटनं मान वळवली.

"वाजव की रे! थांबलास कशाला?"

"आम्ही ऐकतोय, सरकार. पुढे बोला."

कोणी हसलं नाही. जनरलसाहेबांनी रुमालानं मिशी पुसली आणि खुर्ची वादकांकडे वळवली. "ट्राउनेग, काढायचं तर काढा. पण चौदा वर्षं पोसलंत, एकदा ऐकून तरी घ्या."

काउंटचे कान तापले. चाळीस जणांसमोर तो दुसरं काय म्हणणार? "ठीक आहे. ऐकतो आम्ही. वाजव," म्हणत त्यानं सुरी खाली ठेवली. इतरांनीही ठेवली. तबकं घेतलेले नोकर जागच्या जागी उभे राहिले. कुबातची छाती फुगली. चौदा वर्षांचं उट्टं निघालं होतं. त्यानं गज उचलला.

वादकांनी जीव ओतला. आज पोटाचा प्रश्न होता. एक सूर ढळला नाही, एक ताल चुकला नाही. त्या नितळ स्वरांतून कुबातला आपली सिंफनी ऐकू आली.

व्हायोलिनं जिना चढत होती आणि उतरत होती. वर काही नव्हतं, खालीही काही नव्हतं. कर्णे हाका मारत होते, कोणाला ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. एकच ओळ आली, पुन्हा आली, जरा वरच्या सुरात आली, परत खालच्या सुरात आली. दुःख तर नुसतं पट्टीपुरतं होतं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, या कलकलाटाखाली काहीतरी मोठं गाडलं जातंय. आज कलकलाट नव्हता. कोणाच्या तरी हातून काटा पडावा, कोणीतरी खोकावं, असं त्याला वाटू लागलं. कोणीच खोकलं नाही. सगळे मन लावून ऐकत होते.

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जनरलसाहेब उठून उभे राहिले. काउंट हायसं वाटून हसला.

"अरे कुबात, सुंदर! तू असलं काही करतोस हे मला माहीतच नव्हतं. जा, कोणालाच काढत नाही!"

ओबोवाल्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. कुबात कमरेत वाकला.

"उपकार झाले, सरकार. यांना ठेवाच. मला मात्र काढा. आज मीही पहिल्यांदाच ऐकलं."